कुळथाची परीक्षा आमच्या भरडावर घ्या

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

कोकणातून कोरडवाहू वाणांबद्दल पत्र आलेलं पाहून मंत्रालयात कुणाला हसू आलं तर नवल नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या मुलखाला कसली आलीय कोरड? पण साहेब, तो जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि जांभ्याच्या मातीतून चाळणीतून जावा तसा निघून जातो. दसऱ्याला पाय रुततो त्या खाचराला दिवाळी सरता सरता भेगा पडतात. मागे उरलेल्या ओलीवर आम्ही कुळीथ, कडवे वाल, चवळी घेतो. विहिरीला पाणी असलंच तर ते आधी कलमांना जातं.

दोन वर्षांपूर्वी मला एका कार्यालयातून कुळथाच्या सुधारित बियाण्याची पिशवी मिळाली, ती डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तोवर फाळ ढेकळांवर वाजत होता. तरी पेरलं. वीतभर वाढलं, चार फुलं धरली आणि बसलं. शेजारच्या काकींनी भात कापल्या कापल्या घरचं बी टाकलं होतं, त्यांच्या पडवीत शेंगांचा ढीग लागला. कागदावर मात्र माझं ‘प्रात्यक्षिक’ पार पडलं. वाण वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्याची परीक्षा झालीच नाही.

प्रात्यक्षिक आणि चाचणी यांतला फरक इथेच आहे. प्रात्यक्षिकात एकच बियाणं, खत आणि एक फलक येतो. चाचणीत चार-पाच वाण शेजारी शेजारी उभे राहतात आणि त्यात आमचं घरचं बीही असतं. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ पासून उभं आहे. दापोली-१ कुळीथ, कोकण सदाबहार चवळी, हे त्यांचेच वाण. त्यांच्या कामाबद्दल आदरच आहे. पण प्रक्षेत्रावरची माती आणि माझ्या कातळावरची वीतभर माती एक नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कुळथाचं नशीब भातच ठरवतं. कर्जत-१८४ सारखं हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघालं की खाली ओल असते. गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं, भात नोव्हेंबरपर्यंत शेत अडवून ठेवतं, मग कितीही चिवट कुळीथ आणा. म्हणून चाचणी एकट्या कुळथाची नको, भात-कुळथाच्या जोडीची घ्या. भात दोन मण कमी आलं आणि मागचं कडधान्य साधलं, तर तो सौदा आम्हाला परवडतो. तो हिशेब भाताच्या एकरी उताऱ्यात दिसत नाही.

मागणी फार मोठी नाही. गावातल्या दहा-बारा शेतकऱ्यांना, कुणाला खाचरात, कुणाला भरडावर म्हणजे वरच्या हलक्या जमिनीवर, अर्ध्या-अर्ध्या गुंठ्यापुरती पाच-सहा पाकिटं द्या. वर नाव नको, नुसता आकडा. नाव वाचलं की मत आधीच बनतं. पाणी द्यायचं नाही. तीन हंगाम तरी सलग करा, कारण परतीचा पाऊस कधी आठवडाभर आधी निघून जातो, तर कधी कापलेल्या भातावर पडतो. एका वर्षाच्या आकड्यावर कुठलाच वाण ना चढवावा, ना पाडावा.

नोंदी मात्र आम्हाला आमच्या पद्धतीने करू द्या. किलो तर मोजूच. पण शेंगा एकदम वाळतात की चार वेळा वेचायला लागतात, मजुरी त्यावर ठरते. पाला गुरं खातात का? माकडं आणि मोर कुठल्या पट्ट्यावर आधी उतरतात? (हसू नका, इथे पीक पावसापेक्षा त्यांच्यामुळे जास्त जातं.) आणि शेवटी पिठी करून बघायची. आमच्या घरात पिठी घट्ट येत नसेल त्या कुळथाला आई दुसऱ्या वर्षी बी म्हणून ठेवणार नाही, शिफारस कुणाचीही असो.

यंदा माझं हळवं सप्टेंबरअखेर कापणीला येईल. पाकिटं त्याआधी पोचणार असतील तर नदीकडचं अर्धं खाचर आणि वरचा भरड मोकळा ठेवतो. तसं आधी कळवा, म्हणजे झालं.

आपला,
राजापूर तालुक्यातला एक शेतकरी