द्वेष कायद्यात स्पष्ट लिहिलाच पाहिजे

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, खुनाला आधी भारतीय दंड संहितेचं कलम ३०२ होतं, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ आहे, मग द्वेषातून होणाऱ्या गुन्ह्यांसाठी वेगळा कायदा कशाला, आहे तोच नीट राबवा. मला ते अजिबात पटलं नाही, म्हणून हे पत्र.

हडपसरची केस आठव. २ जून २०१४. फेसबुकवर शिवाजी महाराजांचे आणि बाळासाहेबांचे विकृत फोटो फिरले, पुण्यात वातावरण तापलेलं, आणि तुमच्या सोलापूरचाच एक आयटीतला पोरगा रात्री नमाज पढून मित्रासोबत परत निघालेला, त्या पोस्टशी त्याचा काडीचाही संबंध नाही, पण दाढी आणि टोपी दिसली आणि हॉकी स्टिकने मारून मारून त्याला संपवलं. पुढे २०१७ ला हायकोर्टाने तिघांना जामीन दिला आणि ऑर्डरमध्ये काय, तर मृताचा दोष इतकाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, आणि हा मुद्दा चक्क आरोपींच्या बाजूने धरला! अरे, ज्यामुळे गुन्हा जास्त गंभीर ठरायला पाहिजे त्याचीच सवलत? सुप्रीम कोर्टाने ती ऑर्डर रद्द केली खरी, पण जानेवारी २०२३ ला सगळे पुराव्याअभावी निर्दोष सुटले.

आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत कलम १०३(२) आलंय, जात, भाषा, जन्मस्थान वगैरे कारणांवरून जमावाने खून केला तर फाशी किंवा जन्मठेप. चांगलंय. पण तू वकील आहेस, नीट वाच ना, त्यासाठी पाच माणसं लागतात. चौघांनी मारलं तर? एकट्यानेच भोसकलं तर? आणि त्या यादीत धर्म हा शब्दच नाही, ‘समुदाय’, ‘वैयक्तिक श्रद्धा’ किंवा ‘तत्सम कारण’ मध्ये तो बसवायचा आणि कोर्टात त्यावर वाद घालत बसायचं.

ॲट्रॉसिटी कायदा बघ, तिथे जात स्पष्ट लिहिलीय, २०१५ च्या दुरुस्तीत साक्षीदारांचे हक्क आले, कर्तव्यात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा आहे. तरीही खैरलांजीच्या दलित कुटुंबाच्या हत्याकांडात २००८ ला भंडाऱ्याच्या कोर्टाने फाशी दिली पण ॲट्रॉसिटी लावली नाही, हे मला माहितीय, म्हणूनच म्हणतो की द्वेषाचा अँगल तपासणं पोलिसांवर पहिल्या दिवसापासून बंधनकारक पाहिजे, नाहीतर कोर्टासमोर काही येतच नाही. साक्षीदाराला त्याच गल्लीत राहायचं असतं रे, संरक्षण नसेल तर तो कशाला बोलेल.

तुमच्या बारमध्ये, म्हणजे वकील संघटनेत, हा विषय काढशील का? ‘पाच’ची अट आणि धर्माचा उल्लेख, निदान या दोन दुरुस्त्यांचं निवेदन तरी लिही, मी सही करतो आणि इथल्या सह्याही गोळा करतो.

तुझाच