संशोधन उद्यमनगरात यावे

महोदय,

विजेच्या गाडीला इंजिन ब्लॉक लागत नाही, सिलिंडर हेडही नाही. त्यामुळे असे ओतीव भाग बनवणाऱ्या कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांची (ओतशाळांची) चिंता खरी आहे. पण त्यावरचा उपाय फक्त नव्या यंत्रांत शोधला जातो, हे पटत नाही. बाहेरचे नवे ज्ञान ओळखून, पचवून वापरण्याची कंपनीची ताकद तिच्या आधीच्या ज्ञानावर बरीचशी अवलंबून असते, असे अमेरिकी संशोधक वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिन्थल यांनी 1990 मध्ये मांडले. आपल्याकडे हे ज्ञान मोल्डरच्या, म्हणजे वाळूचे साचे बनवणाऱ्या मिस्त्रीच्या, हातात आहे. वाळूत ओलावा किती हवा, कास्टिंगला (ओतीव भागाला) ब्लो होल, म्हणजे वायूमुळे होणारे छिद्र, का पडले, हे तो बघून सांगतो. त्याची नोंद मात्र क्वचितच होते आणि मिस्त्री निवृत्त झाला की तेही जाते.

शिवाजी विद्यापीठातील व्यवस्थापनाच्या संशोधकांनी प्रश्नावल्यांवर न थांबता काही महिने फौंड्रीत काढावेत, रिजेक्शनची (माल नाकारला जाण्याची) कारणे मिस्त्रींसोबत बसून लिहावीत. निष्कर्ष मराठीतही द्यावेत, नाहीतर शॉप फ्लोअरवर ते वाचणार कोण? कारखानदारांनीही, गुपिते फुटतील ही भीती सोडून, संशोधकांना आत घ्यावे.

– एक फौंड्री पर्यवेक्षक, कोल्हापूर