आई, तुझा वाघ बघायचा राहिलाय

सांगली,
सोमवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही. मग मी ओरडून बोलते आणि निम्मं सांगायचं राहूनच जातं. म्हणून आज कागद घेऊन बसले. बाबा, तुम्ही नेहमीसारखं मोठ्यानं वाचा. आई, तू हातातलं काम ठेव आणि त्यांच्याशेजारी बस.

आम्ही खुशाल आहोत. दिवाळीची सुट्टी संपली आणि पोरगा हॉस्टेलला परत गेला. घर फार मोठं वाटायला लागलंय. सकाळी सवयीनं चार पोळ्या जास्त लाटल्या जातात. शनिवारी रात्री हे म्हणाले, "उद्या कुठंतरी जाऊ या. दोघंच." मी म्हटलं, कुठं? तर म्हणाले, "सागरेश्वरला. हरणं बघायला." मला आधी वाटलं, या वयात हरणं कसली बघायची, पोरगं बरोबर असतं तर गोष्ट वेगळी. पण यांचा चेहरा बघून नाही म्हणवेना.

पहाटे पाचला उठून ज्वारीच्या भाकरी थापल्या. भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी केली, दोन कांदे घेतले. मोटारसायकलवरच गेलो. पलूसच्या बाजूनं जाताना द्राक्षबागांवर धुकं होतं. पुढं उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांगच लागली होती, कारखाने सुरू झालेत ना. कुंडल गेलं आणि डोंगर दिसायला लागला. देवराष्ट्रे गाव आलं तेव्हा बाबा, तुमची आठवण झाली. यशवंतराव चव्हाणांचा जन्म इथलाच, 12 मार्च 1913 चा. तुम्ही शाळेत आम्हाला हे पाठ करून घेतलं होतं, अजून विसरले नाही. आधी सागरेश्वराच्या देवळात गेलो. मोठ्या देवळाभोवती लहान लहान देवळं दाटीनं उभी आहेत, सगळी जुन्या दगडाची. आत गारवा होता. तुमच्या दोघांच्या नावानं बेल वाहिला.

आता जंगलाचं सांगते, कारण ते मला फार लागलं मनाला. हे रान तिथं मुळात नव्हतंच. डोंगर उघडाबोडका, बारमाही पाण्याचा ओढा नाही. मोहित्यांच्या वडगावच्या धों. म. मोहिते यांनी मनावर घेतलं आणि लोकांना व सरकारला बरोबर घेऊन झाडं लावली, जगवली, मग तिथं हरणं आणून सोडली. 1985 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र म्हणाल तर 10.87 चौरस किलोमीटर, म्हणजे काही फार नाही. पण आत शिरल्यावर हे सगळं माणसानं हातानं उभं केलंय यावर विश्वास बसत नाही. बाबा, तुम्ही परसातला आंबा दोन वर्षं आंघोळीच्या पाण्यावर जगवलात. तुम्हाला हे जास्त कळेल.

वाटेत फॉरेस्टचे एक गार्ड भेटले. भला माणूस. म्हणाले, बोलू नका, चालू नका, एका जागी बसा, जनावर आपोआप येतं. त्यांनीच दाखवलेल्या झाडाखाली, पाणवठ्यापासून बऱ्याच अंतरावर आम्ही बसलो. अर्धा तास काहीच नाही. मुंग्या, वाळका पाला आणि कुठंतरी मोराचा आवाज. मला वाटलं आता उठावं. तेवढ्यात यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

चितळाची मादी होती. झुडपातून आधी नुसते कान दिसले, दोन्ही वेगवेगळ्या दिशांना हलत होते. मग ती पुढं आली आणि पुढचा एक पाय उचलून तशीच उभी राहिली. पाय खाली टेकवेना. अंगावरचे पांढरे ठिपके असे, की ऊन पानांतून पडलंय का ठिपकेच आहेत ते कळेना. तिनं पाय जमिनीवर दोनदा आपटला. आम्ही श्वास रोखून. मग तिची खात्री झाली असावी, कारण मागून पिल्लू आलं आणि थेट पाण्याला तोंड लावलं. त्याच्यामागं एक नर. त्याच्या शिंगांवर मखमलीसारखी लव होती. गार्डनी नंतर सांगितलं की चितळाची शिंगं दरवर्षी गळून पडतात आणि नवी येतात, ती वाढत असताना त्यांच्यावर अशी लव असते. काळविटाचं तसं नाही, त्याची पीळदार शिंगं जन्मभर तीच. मला इतक्या वर्षांत हे माहीत नव्हतं.

तिघं पाणी पिऊन गेली. आम्ही तरीही बोललो नाही. मग यांनी हळूच विचारलं, "लग्नाला वीस वर्षं होतील. आपण असे दोघंच कधी बसलोय का गं?" मी आठवून पाहिलं. लग्नं, बारशी, दवाखाने, पालकसभा, नरसोबाची वाडी, सगळीकडे गेलो, पण सदैव कुणा ना कुणाबरोबर आणि कुणा ना कुणासाठी. नुसते एकमेकांबरोबर असे नाही. भाकरी सोडली तेव्हा यांनी चटणीतला लसूण वेचून माझ्या बाजूला सरकवला. मला आवडतो हे यांच्या लक्षात आहे, हे मला माहीत नव्हतं.

आणि आई, तिथंच मला तू आठवलीस.

मी तिसरीत होते. सातारहून लाल एसटीनं आपण पुण्याला गेलो होतो, पेशवे पार्क बघायला. खंबाटकीच्या घाटात मला ओकारी झाली होती आणि तू पदरानं तोंड पुसलं होतंस. स्वारगेटला उतरून चालत गेलो. आपला धाकटा दादा तेव्हा दोन-अडीच वर्षांचा होता. आत शिरताच तो तुझ्या खांद्यावर झोपला. तुझ्या दुसऱ्या हातात ती निळी कापडी पिशवी होती, धपाटे, पाण्याचा तांब्या, दादाचे कपडे. तू झाडाखाली बसलीस आणि म्हणालीस, "तुम्ही या बघून, मी पिशवी सांभाळते." बाबांनी मला खांद्यावर घेतलं. वाघ दाखवला, हत्ती दाखवला, फुलराणीच्या छोट्या आगगाडीत बसवलं. दोन तासांनी आलो तेव्हा तू त्याच झाडाखाली, त्याच कुशीवर दादाला घेऊन बसली होतीस. मला जवळ ओढून विचारलंस, "कसा होता गं वाघ?" मी परतीच्या एसटीत साताऱ्यापर्यंत सांगत होते. किती मोठा, कसा फेऱ्या मारत होता, जांभई दिली तेव्हा जीभ कशी दिसली. तू प्रत्येक वेळी "आणि मग?" म्हणत होतीस. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना तू तो वाघ असा सांगितलास की मलाच वाटलं, तू बघितलायस.

तू बघितला नव्हतास. हे मला काल, त्रेचाळिसाव्या वर्षी, सागरेश्वरच्या डोंगरात कळलं. फार रडू आलं. हे घाबरले.

बाबा, इथं थांबू नका, पुढं वाचा. मी तुम्हाला दोष देत नाहीये. तुम्ही रजा मिळवून, पगारातून पैसे बाजूला काढून आम्हाला नेलंत. त्या दिवशी तुम्ही स्वतः चहासुद्धा घेतला नव्हता, हेही मला आठवतंय. तेव्हा सगळ्याच घरांत असंच चालायचं, कुणी कुणाला विचारत नव्हतं. पण आता आमची शिक्षणं झाली, लग्नं झाली, नातवंडं मोठी झाली. आता तरी तुम्ही दोघांनी एक दिवस स्वतःचा काढा.

माझं ठरलंय ते ऐका. पेशवे पार्कात आता प्राणी नाहीत. 1999 मध्ये कात्रजला राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि प्राणी तिकडं गेले. सातारकरांना ते उलट सोयीचं, पुण्यात शिरायच्या आधीच लागतं. तिथं वाघ आहे. जागा मोठी आहे, 130 एकर, त्यामुळं बाबांच्या गुडघ्यांची काळजी मला होती. पण आत बॅटरीवर चालणारी गाडी मिळते, हे विचारून ठेवलंय. बुधवारी बंद असतं, तेवढा वार सोडून कुठलाही सांगा. आम्ही सांगलीहून गाडी घेऊन साताऱ्याला येऊ, तुम्हाला बसवू आणि सकाळी दहाच्या आत पोचू, कारण उन्हं चढली की जनावरं सावलीला जाऊन झोपतात.

आई, तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी स्वच्छ दिसेल म्हणून सांगितलंय. मग पहिला वाघच बघ. बाबांना आवाज ऐकू येणार नाही, तर डरकाळी फोडली की त्यांच्या हाताला धरून सांग. त्यांना लांबचं दिसतं, तर वाघ कुठल्या झाडामागं आहे ते बाबा तुला दाखवतील. आम्ही दोघं आत येणार नाही. दादा-वहिनींनाही मी सांगितलंय, कुणी बरोबर यायचं नाही. फाटकाजवळ बाकावर मी बसेन. पिशवी माझ्याकडे दे. धपाटे मी करून आणीन, तुझ्यासारखे नाही होणार, पण करीन.

घाई करू नका. पाहिजे तेवढा वेळ लावा. वाघ झोपला असेल तर उठेपर्यंत बसा. परत आलात की मी विचारीन, कसा होता गं वाघ? साताऱ्यापर्यंत मला सगळं सांगायचं.

वार कळवा. दादाला सांगितलंत तर तो मेसेज करील, पण बाबा, तुमच्या अक्षरात दोन ओळी आल्या तर मला जास्त आनंद होईल.

तुमची लाडकी,
ताई

ता. क. आई, डोळ्यांत थेंब घालायचं चुकवू नकोस. आणि येताना कंदी पेढे घेऊ नका, यांची साखर जरा वाढलीय. चार घेतलेत तर चालतील.