रक्तगट आणि लशीबद्दल, तुम्हा दोघांना

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, ‘ओ’ रक्तगटाला कोविडचा धोका कमी, या भरवशावर तुम्ही लस पुढे ढकलताय. आणि आई, ‘ए’ गटाला धोका जास्त असं ऐकून तू उगाच धास्तावली आहेस. दोन्ही मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

या समजुतीला मूळ आहे. 2020 मध्ये इटली आणि स्पेनमधल्या अत्यवस्थ कोविड रुग्णांची जनुकं तपासली गेली. श्वसन निकामी होण्याची शक्यता इतर गटांच्या मानाने ‘ए’ गटात सुमारे दीडपट दिसली, ‘ओ’ गटात कमी. रक्त गोठवणारं एक प्रथिन, व्हॉन विलेब्रँड फॅक्टर, ‘ओ’ गटाच्या लोकांत साधारण पाव हिश्शाने कमी असतं. कोविडमध्ये फुप्फुसांत गुठळ्या व्हायच्या, म्हणून ‘ओ’ गटाचा धोका कमी दिसण्याचं हे एक कारण असू शकतं. पण 2021 मध्ये अमेरिकेत एक लाखाहून जास्त लोकांच्या नोंदी पाहिल्या, तर रक्तगटाचा आजाराच्या तीव्रतेशी संबंधच सापडला नाही. म्हणजे फरक असलाच, तर तो इतका बारीक की कधी दिसतो, कधी नाही.

शिवाय बाबा, ‘ओ’ गट सगळीकडे राखण करत नाही. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसचा नॉरवॉक हा प्रकार आतड्यात असलेल्या, रक्तगट ठरवणाऱ्या शर्करांना (साखरेसारख्या रेणूंना) चिकटतो, आणि त्याची लागण ‘ओ’ गटालाच जास्त होते.

वयाचा फरक मात्र प्रत्येक अभ्यासात ठळक दिसला. कोविडने मरण्याचा धोका विशीतल्यापेक्षा सत्तरीतल्या माणसाला दीड-दोन पट नव्हे, कित्येक दहापट होता. त्यात बाबा, तुमची शुगर. या दोन गोष्टींपुढे रक्तगट कुठेच लागत नाही. वय आपल्या हातात नाही, पण शुगर आणि लस आहे.

आई, तुझी भीती मला जास्त सलते. तुझा गट मलाही आलाय, आणि मला त्याची काळजी वाटत नाही. तू रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस, एवढंच मागते.

फ्लूची लस दोघांनी एकाच दिवशी घ्या. कोविडच्या डोसचं डॉक्टरांना विचारा. ताप आला आणि धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जा. मला नंतर कळवलं तरी चालेल. लशीची तारीख ठरली की सांगा, मी रजा टाकून येते.

तुमची लेक