गाडीचं ठरलंय

पुणे, ९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न. वि. वि.

हे फोनवरच सांगणार होते. दोनदा विषय काढलाही, पण आई भाखरवडीच्या डब्याचं काय झालं ते विचारू लागली आणि माझा धीर सुटला. गाडी विकायची ठरवलीये. टोकन घेतलंय, शनिवारी माणूस न्यायला येईल. गाडी माझ्या नावावर, म्हणून बाबांना न विचारता हे करता आलं. चार दिवस तेच टोचतंय.

बाबा, आकडा आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचाल. १९ लाख. हो, २०१७ च्या दसऱ्याला रस्त्यावर येईपर्यंत ६६ लाख लागलेली हीच मर्सिडीज. लगेच चष्मा काढून आईकडे बघू नका. तीन ठिकाणी विचारलं, हाच भाव सर्वांत बरा होता.

तुम्ही जपली नाहीत म्हणून किंमत गेली, असं मनात आणू नका. आठ वर्षांत २१ हजार किलोमीटर, एक ओरखडा नाही, पेट्रोलची वहीसुद्धा कोरीव अक्षरात. पण तुमचं गणित अजून चेतकचं आहे. तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायला लागायचं, म्हणून नीट ठेवलेली जुनी स्कूटर नव्याच्या भावात जायची, कधी वरही. आपली विकून आलात तेव्हा पेढे आणले होते तुम्ही. ते दिवस टंचाईचे होते. इथे आधी साधारण तिसरा हिस्सा करातच गेला: २८ टक्के जीएसटी, त्यावर २० टक्के सेस, मग रोड टॅक्स. तो परत कोण देणार? विम्यातसुद्धा गाडी पाच वर्षांची होईतो निम्मी किंमत उडते, मग पुढे विमा कंपनी आणि आपण ठरवू ती. गेल्या वर्षी नवं मॉडेल आलं. यंदा सप्टेंबरात सेस गेला, कर ४० टक्क्यांवर आला, नव्या गाड्या उतरल्या, त्यांच्यामागे जुन्याही घसरल्या. शिवाय १९-२० लाखांत माणूस वॉरंटीसकट कोरी गाडी घेतो. आपली कितीही १९ लाखांची झाली तरी हेडलाइट बदलायचा तर खर्च ६६ लाखांच्या गाडीचाच राहतो ना. नुसती उभी असली तरी टायर कडक होतात, बॅटरी बसते. ठेवली असती तर पुढच्या दसऱ्याला १५ वर आले असते.

आणि गेल्या वर्षीचा ऑगस्ट. बडोद्यात विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची खूण सोडून ३५ च्या वर गेली आणि समा भागात काकांच्या अंगणात उभ्या गाडीच्या सीटला पाणी लागलं. तुम्ही किल्ली फिरवली नाहीत ते फार बरं केलंत, नाहीतर इंजिनाने पाणी ओढून रॉडच वाकले असते. पण क्लेमची नोंद राहते, गालिचे बदलले तरी. १९ मधला पडलेला भाव त्याचाही आहे.

तुम्ही सांगितलं नाहीत, काकूने सांगितलं. कमरेएवढ्या पाण्यात छत्री टेकत गाडीकडे निघाला होतात. अँजिओप्लास्टी झालेला माणूस! मगरी रस्त्यांवर आलेल्या! ते ऐकल्यापासून मला ती गाडी डोळ्यांसमोर नकोशी झालीये.

अँजिओप्लास्टीला मी पोचले नव्हते. दोन महिन्यांनी गाडी पाठवली. तुम्ही कोणीच कधी काही बोलला नाहीत.

येण्याजाण्याची मुळीच काळजी करू नका. छोटी ऑटोमॅटिक बुक केलीये, पुढच्या आठवड्यात येतेय. आई, तिची सीट उंच आहे, दार धरून 'एक, दोन, तीन' म्हणत उठायला नको. दांडिया बाजारातल्या आपल्या गल्लीत ती दारापर्यंत येईल, म्हणजे गाडीत बसायला आधी रिक्षा करून समाला जाणं बंद. सोमवार ते शनिवार सकाळी ड्रायव्हर असेल. त्याला चहा दे, जेवायला थांबवू नकोस, तुझं मला माहीत आहे. खंडेराव मार्केट, डॉक्टर, देऊळ, सगळं होईल. एसी तसाच गार आहे.

बाबा, चेतकवर पुढे उभी राहून मी कमाटीबागेपर्यंत हॉर्न वाजवायचे आणि तुम्ही एकदाही रागावला नाहीत. रविवारी जुन्या बनियनने तुम्ही ती पुसायचात, मी शेजारी बसून चाकांच्या तारा मोजत बसायचे. चेतकला तारा नव्हत्या म्हणे, तुम्ही मागाहून सांगितलंत. तेव्हा का नाही सांगितलंत?

आता ऐका. पैसे खात्यात आलेत असा माझा फोन येईपर्यंत किल्ली द्यायची नाही, दोन्हीपैकी एकही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मी सह्या करून कुरियरने पाठवलेत, ते आणि आरसी एकाच पाकिटात ठेवा. फास्टॅग काचेवरून काढून घ्या. डिकीत आईची शाल आहे, डॅशबोर्डवरचा गणपती आहे, दाराच्या खणात आलेपाकाची डबी असेल. आणि शनिवारी सकाळी ती धुवायला बसू नका. त्यांना तशीच हवीये. गोळ्या वेळेवर घ्या, आई, तूसुद्धा.

रागावला असाल तर रविवारी फोन उचलू नका, मी सोमवारी पुन्हा करेन.

तुमची,
चिमी

ता. क. पेट्रोलची वही आणि ते पिवळं फडकं गाडीबरोबर जाऊ देऊ नका. मला हवंय.