वाढ कुणाच्या हाती लागते?

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य डोक्यातून जात नाही. ‘अर्थव्यवस्था वाढतेय हे आकड्यांनी सिद्ध झालंय, तरी लोकांची कुरकुर काही संपत नाही,’ असं तू लिहिलंस. आकडे खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण राबणाऱ्या माणसाचं बरं चाललंय का, असं विचारलं की ते आकडे गप्प होतात, कारण ते त्यासाठी बनवलेलेच नाहीत.

हे मी पदरचं सांगत नाही. राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत बसवण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या सायमन कुझनेट्स यांनीच 1934 साली अमेरिकी सिनेटपुढच्या अहवालात बजावलं होतं, की या मोजमापावरून देशाच्या कल्याणाचा अंदाज बांधता येत नाही. त्याच अहवालातली आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. उत्पन्न मिळवायला माणसाला किती आणि किती नकोसे कष्ट उपसावे लागले, याचा हिशेब कुठलंच मोजमाप ठेवत नाही, असं ते म्हणाले होते. एखाद्या घराचं पूर्वी एका पगारात भागत होतं आणि आता दोघं मिळून तीन ठिकाणी राबतात, तर देशाचं उत्पन्न वाढलेलंच दिसणार. कमी झालेली झोप, मुलांना न मिळालेला वेळ, कायमची धरलेली पाठ यातलं काहीच त्यातून वजा होत नाही. घरातल्या आजाऱ्याची शुश्रूषा तर, पगार देऊन बाहेरच्या माणसाकडून करून घेईपर्यंत, त्या खात्यात येतच नाही.

आयर्लंडचं उदाहरण बघ. 2015 या एका वर्षात त्या देशाचा जीडीपी, म्हणजे देशातल्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाचं मोल, सुमारे 25 टक्क्यांनी वाढला. कारण काय, तर काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे आणून ठेवली. तिथल्या कामगारांचे पगार काही त्या वर्षात 25 टक्क्यांनी वाढले नाहीत. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला हा फुगवटा वगळून राष्ट्रीय उत्पन्नाचा वेगळा, सुधारित आकडा जाहीर करायला सुरुवात करावी लागली.

तू म्हणशील, जीडीपी सोड, सरासरी पगार बघ. तोही बघू. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकेतलं सरासरी तासाचं वेतन एका महिन्यात 4 टक्क्यांहून जास्त वाढलं. त्याच महिन्यात तिथे 2 कोटींहून जास्त नोकऱ्या गेल्या. कमी पगाराची माणसं, म्हणजे हॉटेलांतली, दुकानांतली, साफसफाईची, आधी घरी बसली. उरलेल्यांत जास्त पगारवाल्यांचं प्रमाण वाढलं आणि सरासरी चढली. कुणाच्याही हातात जादा पैसा न पडता पगारवाढ झाली! म्हणून मी सरासरीपेक्षा मध्यक विचारतो: सगळ्यांना पगाराच्या क्रमाने ओळीत उभं केलं, तर बरोबर मध्ये उभ्या असलेल्या माणसाला काय मिळतं? आणि ओळीच्या तळाशी असलेल्याला?

बेरोजगारीच्या दराचंही असंच. आठवड्यात एक तास मोबदल्याचं काम केलं, तरी आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार माणूस रोजगारात धरला जातो. देशोदेशींची तुलना करायला ही व्याख्या सोयीची असेल. त्या एका तासावर घर चालतं का, हा प्रश्न ती विचारत नाही. महागाईच्या निर्देशांकातही जो जास्त खर्च करतो त्याच्या खर्चाचं वजन जास्त. ज्याची जवळपास सगळी कमाई धान्य आणि घरभाड्यात जाते, त्याची महागाई त्या आकड्यापेक्षा वेगळी असू शकते. म्हणजे तू जिला कुरकुर म्हणतोस, ते कित्येकदा जास्त अचूक मोजमाप असतं.

एक गोष्ट मात्र मी मोकळेपणाने मान्य करतो. वाढच झाली नाही, तर वाटायला काही राहत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन-अडीच दशकं अमेरिकेत आणि पश्चिम युरोपात कामगाराची उत्पादकता आणि त्याचा पगार बऱ्याच अंशी बरोबरीने चढले. तेव्हा विकासदर ऐकून कामगाराने आनंद मानला असेल, तर तो रास्तच होता. पुढे ती जोडी फुटली. यंत्रं आली, स्वस्त मजुरीच्या देशांत कारखाने गेले, हे खरं आहे. पण सगळं आपोआप घडलं असं मला पटत नाही. अमेरिकेत 1950 च्या दशकात साधारण एक तृतीयांश कामगार संघटनांत होते, आता दहातला एक आहे. तिथलं केंद्रीय किमान वेतन 2009 साली तासाला 7.25 डॉलर झालं आणि पुढची पंधरा वर्षं तिथेच थांबलं. त्याच काळात देशाचा जीडीपी चालू किमतींत, म्हणजे महागाई वजा न करता, दुप्पट झाला. हे कुणीतरी घेतलेले, किंवा न घेतलेले, निर्णय आहेत.

मग मी कशावरून ठरवतो? माणसाला ‘नाही’ म्हणता येतं का, यावरून. ताप आला म्हणून दोन दिवस खाडा केला तर त्या महिन्याचं भाडं चुकतं का? मुकादम अपमान करतो म्हणून काम सोडलं तर दुसरं मिळेपर्यंत तग धरता येतो का? धोक्याच्या जागी चढायला नकार दिला तर दुसऱ्या दिवशी कामावर घेतात का? ज्याचं हातावरचं पोट आहे त्याच्याकडे या प्रश्नांची उत्तरं तयार असतात, आणि त्या उत्तरांवर त्याचा सगळा स्वभाव घडतो. तो मान खाली घालून बोलायला शिकतो, मुलीला आवडीचं शिक्षण सोडून लवकर पैसे मिळतील असं काहीतरी शिक म्हणतो. पगार थोडा वाढला पण काम कंत्राटी झालं, तर कागदावर तो वर गेला आणि घरात तो पूर्वीपेक्षा जास्त घाबरलेला आहे. ही भीती मला अर्थव्यवस्थेचीच गोष्ट वाटते. तिला मनाचा कमकुवतपणा म्हणणारा माणूस भेटला की मला खरोखर राग येतो, आणि तू तसा नाहीस म्हणूनच इतकं लांबलचक लिहितोय.

विकासदराबरोबर दर वेळी निदान तीन गोष्टी पहिल्या पानावर छापल्या जाव्यात असं मला फार वाटतं: मधल्या आणि तळच्या माणसाची महागाई वजा जाता कमाई, त्यासाठी त्याने घातलेले तास, आणि काम सुटलं तर तो किती दिवस तग धरेल. पहिल्या दोन्हींची मोजणी कित्येक देशांत होतेच, ती फक्त आतल्या पानांत राहते.

आता तू सांग. आधी वाढ होऊ दे, वाटणीचं नंतर बघू, हे तुझं जुनं म्हणणं अजून कायम आहे का? असेल तर ते ‘नंतर’ कधी येतं आणि ते कोण ठरवतं, एवढं मला नीट समजावून लिही. घाईत दोन ओळी नकोत, सविस्तर उत्तर हवंय.

तुझा मित्र