ओढ्याकडच्या शेताची माती

धारवाड
रविवार, रात्री

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी नीट बोलले नाही. बाबा, ओढ्याकडच्या शेतातली दोन फूट माती वीटभट्टीला द्यायची म्हणालात आणि मला पुढं काही सुचलंच नाही. "बघू" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून दोन रात्री झोप नाही. म्हणून लिहायला बसले. आई, बाबांचा चष्मा अजून दुरुस्त होऊन आला नसेल तर तू वाचून दाखव, पण मधलं काही गाळू नकोस.

पैसे कशाला हवेत ते मला ठाऊक आहे. आईचा गुडघा आणखी एक पावसाळा थांबणार नाही, सोसायटीचं कर्ज अजून फिटलेलं नाही आणि माझ्याकडं मागायचं नाही असं तुम्ही मनाशी ठरवलेलं दिसतं. त्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी शेताचं. मागच्या शिमग्याला मी घरी आले होते तेव्हा शेतात नागमोडी चालत खड्डे घेतले होते, आठवतं? इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा, वीतभर खोल, आणि त्याच्या कडेची पातळ खाप घमेल्यात. आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून दिले, असं करत शेवटी अर्धा किलो उरली. तुम्ही बांधावर बसून म्हणाला होता, "एवढ्याशा मातीत काय बघूलीस गं?" नंतर मी खालच्या थरांचीही माती घेतली होती. ती कशाला, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही सांगितलं नाही. ते तेव्हाच सांगायला हवं होतं.

ती माती सावलीत वाळवून, चाळून इथं प्रयोगशाळेत तपासली. सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेणखत-पालापाचोळा कुजून मातीत राहिलेला कार्बन, तो मोजायची जुनी रीत आहे, १९३४ सालची. थोड्याशा मातीत नारिंगी रंगाचं रसायन आणि तीव्र आम्ल घालतात, मग थेंबाथेंबानं दुसरं द्रावण सोडत राहायचं, शेवटी जांभळा रंग जाऊन एका थेंबात हिरवा येतो. रोज कितीतरी अनोळखी शेतांची माती मी अशी बघते. आपल्या शेताची बघताना हात थरथरत होता. वरच्या अर्ध्या फुटात कर्ब ०.८ टक्के आला. पाऊण टक्क्याच्या वर गेला की आम्ही 'जास्त' असा शेरा मारतो आणि खानापूरच्या आपल्या पावसात, इतकं पाणी वाहून जात असताना, तो टिकवणं सोपं नसतं. त्याच्या खालच्या अर्ध्या फुटात जेमतेम निम्मा. दोन फुटांवर पोचेपर्यंत ०.२.

म्हणजे बाबा, तुम्ही आणि आजोबांनी गाड्या भरभरून घातलेलं शेणखत, भातानंतर न चुकता टाकलेला मसूर, दरवर्षी शेतात सोडलेली धसकटं, हे सगळं त्या वरच्या वीतभर थरात साठलेलं आहे. खाली नुसती जमीन आहे.

आकड्यात सांगते, तुम्हाला हिशेब आवडतो. एकराच्या अर्ध्या फूट थरात साधारण ८०० टन माती असते. ०.८ टक्क्यानं त्यात साडेसहा टनांच्या आतबाहेर कर्ब. कर्बाच्या अकराव्या-बाराव्या हिश्शाएवढं नत्र, म्हणजे नायट्रोजन, त्याच्याबरोबर बांधलेलं असतं, म्हणजे साडेपाचशे किलोच्या वर. युरियाच्या ४५ किलोच्या पिशवीत नत्र २१ किलोसुद्धा भरत नाही. तेव्हा एका एकरातून सत्तावीस-अठ्ठावीस पिशव्यांचं नत्र ट्रॉलीत बसून भट्टीत जळायला जाणार. ते सगळं पिकाला एकदम मिळत नाही, हेही खरं. दरवर्षी थोडं थोडं, शंभरातले दोन-तीन भाग सुटतात. पण म्हणून तर ते आजोबांपासून आपल्यापर्यंत पुरलं.

भट्टीवाले पाहुणे म्हणाले की शेत खाली गेलं म्हणजे पाणी चांगलं थांबेल आणि भात जोमानं येईल. यातलं निम्मं खरं आहे, म्हणून तर ते पटतं. आपल्या तांबड्या मातीत लोह फार. ते स्फुरदाला, म्हणजे फॉस्फरसला, धरून बसतं, रोपाला देत नाही. चिखलणी करून पाणी साचवलं की मातीतली हवा तुटते, लोहाचं रूप पालटतं आणि स्फुरद सुटतो. पण ही हवा तोडण्याचं काम नुसत्या पाण्यानं होत नाही, मातीतले सूक्ष्मजीव ते करतात आणि त्यांना खायला कर्ब लागतो. तोच तुम्ही विकणार. मग शेतात पाणी भरपूर राहील आणि भात पिवळं पडून उभं राहील. कोपऱ्यावरच्या काकांच्या शेतात तेच झालं. ते युरिया वाढवत गेले, भात गुडघ्याच्या वर आलं नाही.

बाबा, हे मी एकटी म्हणत नाही. रतन लाल नावाचे एक मृदाशास्त्रज्ञ आहेत. जन्म १९४४ चा, आता पाकिस्तानात असलेल्या पंजाबातला. फाळणीनंतर घरदार सोडून ते लोक हरियाणात आले आणि लहानशा शेतीवर जगले. हा मुलगा लुधियानाला शेतकी शिकला, पुढं अमेरिकेत, आणि १९७० पासून नायजेरियात इबादानच्या संशोधन संस्थेत. तिथं जंगल तोडून नांगरलेल्या उतारावर पट्टे आखून त्यांनी दर पावसात किती माती जाते ते मोजलं. उघड्या जमिनीतून ती लोंढ्यानं जायची आणि काडीकचऱ्यानं झाकलेल्या पट्ट्यातून जवळजवळ जायचीच नाही. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक केलं. वरची माती मुद्दाम खरवडून काढली आणि त्यावर मका लावला. पीक घटलं. खत घालून पाहिलं, तरी सगळी तूट भरून निघाली नाही. त्यांना २०२० साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मला मात्र पुरस्कारापेक्षा तो खरवडलेला पट्टा आठवतो. लहान शेतकऱ्यापुढं मातीशिवाय भांडवल नसतं हे त्यांनी घरात पाहिलं होतं, म्हणूनच हा प्रश्न त्यांना सुचला असेल असं मला वाटतं.

आई, तुला हे वेगळं सांगायला नको. अथणीकडं मामाच्या उसाच्या रानात पांढरे क्षार फुटले तेव्हा तू किती रडली होतीस. कृष्णेचं पाणी मिळालं, ऊस आला, पैसाही आला. पाणी मुरायला वाट राहिली नाही आणि दहा-पंधरा वर्षांत जमीन मिठासारखी झाली. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आता आपल्याला ठाऊक आहे, एवढाच फरक.

तरीही द्यायचीच असेल, तर निदान असं करा. आधी वरची वीतभर माती जेसीबीनं अलगद काढून बांधाच्या कडेला ढीग लावून ठेवायची. खालची फूटभर त्यांनी न्यावी. मग ठेवलेली माती परत पसरायची, तीही कोरडी असताना, ओल्यात नाही. भट्टीवाल्याला हे आवडणार नाही, कारण डिझेल त्याचं आणि माती कमी. दर पाडून मागेल. पाडू दे. शिवाय माळावरच्या तुकड्यातली काही माती देता येते. तिथं कुळथाशिवाय काही येत नाही आणि मुरूम वरच लागतो, त्यामुळं तो फार घेणार नाही, पण विचारून बघा.

आणि माझं मनापासूनचं म्हणणं असं की काहीच देऊ नका. गुडघ्याचे पैसे मी भरते. बाबा, हा उपकार नाही. पाचवीपासून माझी फी भाताच्या पोत्यांवर भरली गेली. ती पोती याच शेतातली. मी बोनस आणि थोडी शिल्लक धरून बहुतेक सगळं जमवलंय, उरलेलं दोन हप्त्यांत देता येईल असं डॉक्टरांनी सांगितलं. होय, मी त्यांच्याशी बोलले आहे. तुम्हाला न विचारता बोलले, त्याचा राग धरू नका.

शेतासाठी मला एवढंच हवंय की यंदा रोहिणीत पेरणीआधी बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या लावूया. शेजारचे बसप्पाण्णा त्याला 'गोब्बरद गिडा' म्हणतात, खताचं झाड. त्यांच्याकडं आहेत, मागितल्या तर नाही म्हणणार नाहीत. पुढच्या वर्षीपासून पाला चिखलणीत घालता येईल. आणि मसूर सोडू नका. बाजारात भाव नसला तरी सोडू नका. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, ते फुकटचं आहे.

शनिवारी सकाळच्या अळणावरच्या गाडीनं येते. तोवर इसार घेऊ नका. घेतला असेल तर खर्च करू नका, मी स्वतः जाऊन परत देईन. कुदळ आणि घमेलं पडवीत काढून ठेवा. ओढ्याच्या बाजूचा कोपरा मागच्या वेळी राहिला होता, तिथली माती घ्यायची आहे. या वेळी बाबा, खड्डा तुम्ही काढा. खालचा आणि वरचा रंग शेजारी शेजारी बघा.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? मांडी घालून बसू नकोस.

तुमची,
सुमा